कोपरा सोडायचा नाही

सायकलवरून माणसं हिंडवायची तर डोकं फक्त दोघांना लागतं, पुढच्याला आणि मागच्याला. मधल्यांनी पाय हलवले की झालं. असं म्होरक्या प्रत्येक सहलीच्या पहिल्या सकाळी पाहुण्यांना सांगायचा, आणि त्यावर त्याची बायको मागून ओरडायची, "त्यातही पुढच्याला कमीच लागतं!" पाहुणे हसायचे. एकोणीस वर्षं हा विनोद चालला. यावरून विनोद फार चांगला होता असं कुणी समजू नये. ती दोघं चांगली होती, एवढंच.

म्होरक्या हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. वर्षातून दोनदा, वेलींना पालवी फुटली की एकदा आणि द्राक्षं उतरवून झाली की एकदा, तो चौदा पाहुण्यांना सायकलींवर बसवून द्राक्षमळ्यांच्या मुलखातून पाच दिवस फिरवायचा. रोज दोन-तीन वायनऱ्या, थंडगार तळघरं, भिंतीला लावून ठेवलेली लाकडी पिंपं आणि पेल्यात बोटभर वाइन. ती तोंडात घोळवायची आणि बादलीत थुंकायची. गिळणाऱ्याने पुढचा रस्ता टेम्पोत बसून करायचा, हा म्होरक्याचा दंडक. पेला नाकाशी धरून नाकाने कांदे सोलणारे दोघे-तिघे दर सहलीत निघायचेच, पण बादली त्यांनाही चुकली नाही. टेम्पो चालवायचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. सामान, सुट्या ट्यूबा, पिण्याचं पाणी आणि दमलेले पाहुणे हे सगळं त्याच्याकडे.

या मुलखात रस्ता चुकणं फार सोपं. सगळ्या वाटा एकसारख्या: दोन्ही बाजूंना तारांवर चढवलेल्या वेली, प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एक गुलाबाचं झुडूप, आणि पुढे पुन्हा तेच. गुलाब का, असं कुणीतरी विचारायचंच, आणि म्होरक्या सायकल थांबवून सांगायचा की भुरी नावाचा रोग आधी गुलाबावर दिसतो आणि मग वेलीवर जातो, म्हणून शहाणा मळेवाला गुलाबाकडे बघून असतो. हे सांगताना तो स्वतः मळेवाला असल्याचा आव आणायचा. बायको दात काढायची.

तर माणसं हरवू नयेत म्हणून त्यांची एक पद्धत होती. वळण आलं की म्होरक्या हात वर करायचा, आपल्या लगेच मागे जो कुणी असेल त्याला बोटाने जागा दाखवायचा आणि म्हणायचा, "कोपरा तुमचा." त्या माणसाने तिथे उभं राहायचं. मागून येणाऱ्या प्रत्येकाला वाट दाखवायची. कोण किती पुढे गेलं, कोण मागे राहिलं, हा हिशोब त्याचा नव्हे. कंटाळा आला, ऊन लागलं, सगळे गेल्यासारखं वाटलं, तरी कोपरा सोडायचा नाही. सगळ्यात शेवटी पिवळं जाकीट घातलेली म्होरक्याची बायको यायची आणि म्हणायची, "सुटलात!" मग तिच्या पुढे होऊन निघायचं. एकोणीस वर्षांत एकही माणूस हरवलं नाही.

ती स्वतःला शेंडेफळ म्हणवून घ्यायची. घरात सगळ्यात शेवटी येतं ते शेंडेफळ, आणि ती तर प्रत्येक मुक्कामाला शेवटीच यायची. पाहुणेही मग तिला तेच म्हणू लागले. पंक्चर तीच काढायची, रडकुंडीला आलेल्यांची समजूत तीच घालायची, कुणाचं नवऱ्याशी भांडण झालं तर तेही मागे राहून तिलाच ऐकावं लागायचं. म्होरक्याला संध्याकाळी मुक्कामावर सगळं कळायचं, तेही तिने सांगितलं तर. "पुढच्यास ठेच, मागचा शहाणा," ती म्हणायची. "तुम्ही ठेचकाळत राहा, मी शहाणी होत्येय." संसारही असाच झाला त्यांचा. तो पुढे, ती मागे, आणि मध्ये चौदा परकी माणसं.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. हृदयाची एक झडप निकामी झाली होती, आणि ती काही एका दिवसात झाली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षभर तरी चढावर दम लागत असणार यांना, ओठ निळे पडत असणार. तुमच्या कसं लक्षात आलं नाही?

"मी पुढे असतो," म्होरक्या म्हणाला.

दुसरं काय सांगणार? खरं तेच होतं. पण घरी आल्यावर त्याला राग आला, आणि तो राग त्याने धरून ठेवला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच सांगायचा, "एका शब्दाने बोलली नाही हो." पत्रांच्या उत्तरांतही तेच लिहायचा. जगाची दुखणी ऐकून घेणारी बाई स्वतःचं दुखणं नवऱ्याला सांगू शकत नव्हती? तिच्या भरवशावर त्याने एकोणीस वर्षं मागे वळून पाहिलं नाही, आणि तिने त्याच्यावर एवढाही भरवसा ठेवू नये? त्याने तिचे कप्पे उपसले, तिच्या फोनमधले निरोप वाचले, तिच्या सायकलच्या हँडलला लावलेली पिशवी पालथी केली. पिशवीत सेफ्टी पिना होत्या, मीठ-साखरेच्या पुड्या होत्या, पंक्चरचं सामान होतं. त्याला हवा होता तो शब्द कुठेच नव्हता. का नाही सांगितलंस, एवढं एकच त्याला तिला विचारायचं होतं, आणि ते विचारायची आता सोय राहिली नव्हती.

पालवीची सहल त्याने रद्द केली. द्राक्षं उतरल्यावरची मात्र ठेवली, कारण घरी बसून भिंती खायला उठल्या होत्या. महिनाभर तो कामात बुडाला. सायकलींच्या चेन धुतल्या, ब्रेकच्या तारा बदलल्या, मुक्कामाच्या खोल्या ठरवल्या, पत्रकं छापून आणली. पत्रक मागच्या वर्षीच, सहलीहून आल्या आल्या, तयार झालं होतं. त्यात एक नवी ओळ होती: "चढावर ज्यांचा दम टिकत नाही त्यांनी कृपया या सहलीला येऊ नये. एकामुळे सर्वांचा खोळंबा होतो." मागच्या सहलीत कुणीतरी एक बाई एवढी रखडली होती की जेवण तासभर थांबलं. कोण ते म्होरक्याला आता आठवतही नव्हतं. पत्रक दरवर्षी तो तोंडी सांगायचा आणि बायको टाइप करायची. या ओळीवर तिची बोटं थांबली होती. "असं लिहायचंच का?" तिने विचारलं होतं. "लिही," तो म्हणाला होता. तिने लिहिलं.

एवढं सगळं केलं, आणि एक गोष्ट राहिली. शेवटी कोण येणार ते त्याने ठरवलंच नाही. विसरला असंही म्हणता येणार नाही, कारण विसरायला ती गोष्ट आधी यादीत असावी लागते. एकोणीस वर्षांच्या एकाही यादीत "शेवटचा माणूस" असं लिहिलेलं नव्हतं. पिवळं जाकीट सायकली दुरुस्त करायच्या खोलीत खुंटीवर होतं. मेहुण्याला वाटलं, भावोजींनी कुणाला तरी नेमलं असेल, आणि विचारून उगाच त्यांच्या जखमेवर मीठ कशाला चोळा. पहिले दोन दिवस रस्ता नदीकाठचा, सरळ. टेम्पो मागून यायचा. चूक खपून गेली.

तिसऱ्या दिवशी मात्र टेम्पो डांबरी रस्त्याने वळसा घालून जातो आणि सायकली मळ्यांमधल्या मातीच्या वाटेने टेकडी चढतात. ही वाट जिथे फुटते तिथे जुना वजनकाटा आहे. हंगामात द्राक्षांचे ट्रॅक्टर त्याच्या लोखंडी फळीवर उभे राहून तोलून घेतात. एरवी तिथे चिटपाखरू नसतं. म्होरक्या तिथे पोचला, हात वर केला, मागे न बघताच बोट दाखवलं, "कोपरा तुमचा," म्हणाला आणि चढाला लागला.

वायनरीत तळघरवाल्याने मोठ्या ताटात पेले मांडून ठेवले होते. हा माणूस दहा वर्षं त्यांना वाइन पाजत होता, शेंडेफळाच्या जाण्याची बातमी त्याला होती, आणि काय बोलावं ते न सुचल्यामुळे तो नको तेवढ्या उत्साहाने पिंपांची माहिती देत होता. पाहुणे येत गेले, पेले उचलत गेले. मेहुणा टेम्पो लावून आला, त्यानेही पेला घेतला. आणि ताटात एक पेला उरला.

तो सगळ्यांनी पाहिला, आणि सगळ्यांनी पाहिला नाही असं केलं. जुन्या पाहुण्यांना वाटलं, सवयीने तिचा पेला मांडला गेला बिचाऱ्याकडून. नव्यांना पहिल्याच संध्याकाळी सगळं समजलं होतं, त्यांनाही तेच वाटलं. तळघरवाल्याला वाटलं, आपण चुकून एक जास्त मांडला, आणि आता तो उचलणं म्हणजे आणखीच वाईट दिसेल. मेहुण्याने मान फिरवली. म्होरक्याला तर त्या ताटाकडे बघवत नव्हतं. अशी पंधरा शहाणी माणसं त्या एका पेल्याला वळसा घालून तळघरात हिंडली, वर आली, अंगणातल्या लांब टेबलावर बसली, पाव आणि उकडलेली अंडी खाऊ लागली, आणि कुणी ब्र काढला नाही.

शेवटी म्होरक्याचा बांध फुटला. "तो पेला उचला हो तिथला," तो तळघरवाल्याला म्हणाला. "सतरावा कशाला मांडलात?"

"सतरावा नाही," तळघरवाला कानकोंडा होऊन म्हणाला. "सकाळी फोनवर तुम्हीच सोळा सांगितलेत. मलाही आधी जास्तच वाटला, म्हणून पुन्हा मोजले."

चौदा पाहुणे, एक मेहुणा, एक तो स्वतः. सोळाच. म्होरक्याने टेबलावरची डोकी मोजली. तेरा पाहुणे भरले. पुन्हा मोजली. तेराच.

"गणिताच्या बाई कुठायत?"

गणिताच्या बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या एक पाहुण्या, वय सदुसष्ट, सहावी सहल. त्यांचा फोन लावला तर तो टेम्पोतच, त्यांच्या पिशवीत वाजला. सायकलवर फोन नको, हा त्यांचा नियम. "वजनकाट्यावर होत्या," कुणीतरी म्हणालं. "हात करून वाट दाखवत होत्या मला. मला वाटलं, मागून येतील शेवटच्या माणसाबरोबर."

"शेवटी कोण होतं?" म्होरक्याने विचारलं, आणि विचारताविचारताच त्याला उत्तर कळलं.  मेहुणा टेम्पोची किल्ली घेऊन उठला, पण टेम्पोने वळसा घालून जायला पाऊण तास लागणार होता. म्होरक्याने त्याला थांबवलं, स्वतःची सायकल काढली आणि आल्या वाटेने उतरायला लागला.

ही वाट त्याने कधी उलटी केलीच नव्हती. चढताना डावीकडे असणाऱ्या वेली आता उजवीकडे होत्या, पानं लाल होऊन गळायला लागली होती, आणि ओळखीचं काहीच ओळखीचं वाटत नव्हतं. वाट किती उभी आहे हे त्याला आज कळलं. पुढे असताना त्याचं लक्ष चढ संपतो कुठे तिकडे असायचं. आज ब्रेक दाबत उतरताना त्याला वाटलं, हे सहा किलोमीटर ती दर सहलीत दुसऱ्याच्या वेगाने चढायची, कधी याच्यासाठी थांब, कधी त्याला ढकल. आणि त्याही परिस्थितीत, दम लागत असताना, एका शब्दाने बोलली नाही. त्याला पुन्हा राग आला. राग आला की त्याला जरा बरं वाटायचं.

वजनकाट्याच्या वळणावर गणिताच्या बाई उभ्या होत्या. हेल्मेट डोक्यावर, पट्टा हनुवटीखाली बांधलेला, एक हात सायकलवर.

"बाई! अहो, तुम्ही अजून इथेच?"

"मग कुठे असणार? कोपरा माझा आहे."

"अडीच तास झाले!"

"दोन तास चाळीस मिनिटं," बाई म्हणाल्या. "तेवढ्यात तीन ट्रॅक्टर गेले. तिघांनाही मी हात करून वरची वाट दाखवली. एक तर गेलासुद्धा बिचारा."

एरवी म्होरक्या हसला असता. त्याने सायकल आडवी टाकली आणि त्यांच्यासमोर हातच जोडले. "माझी चूक झाली, बाई. शेवटी कुणाला ठेवलंच नव्हतं मी. सगळं केलं, आणि तेवढंच राहिलं."

"ते मला पहिल्या तासातच समजलं. पस्तीस वर्षं शिकवलंय. हजेरी घ्यायला मास्तर विसरले की वर्गाला लगेच कळतं."

"मग निघायचं ना वर! वाट तुम्हाला तोंडपाठ आहे."

 बाईंनी हेल्मेट काढलं, केस नीट केले, आणि म्हणाल्या, "मागच्या वर्षी निघाले होते. याच कोपऱ्यावरून. तिला मागे ठेवून. या वेळी म्हटलं, नाही, आपण हलायचं नाही. तुम्ही याल कधीतरी खाली."

"तिला म्हणजे?"

"तुम्ही मला पत्राच्या उत्तरात लिहिलं होतंत, एका शब्दाने बोलली नाही म्हणून. ते वाचल्यापासून मला चैन नाही. तेच सांगायला आले मी या सहलीला. दोन दिवस झाले, तोंड उघडलं की तुम्ही पुढे निघून जाता." बाईंनी वजनकाट्याच्या फळीकडे बोट केलं. "इथे बसली होती ती. सायकल हातात धरून चालत आली, तीही सपाट रस्त्यावर. तोंडाचा रंग पार उडालेला. मी म्हटलं, टेम्पो बोलवू या. तर म्हणाली, टेम्पोला वळसा घालून यायला पाऊण तास लागेल, आणि दोन मिनिटं बसलं की बरं वाटतं. हल्ली होतं असं, म्हणाली."

"हल्ली?"

"हल्लीच म्हणाली. मी विचारलं, घरी माहीत आहे का? म्हणाली, सांगायचंय, पण सहल चालू असली की यांचं सगळं लक्ष रस्त्यावर. आणि तेवढ्यात तुमचाच फोन आला."

म्होरक्याला फोन आठवला. तो वायनरीच्या फाटकात उभा होता. चार-पाच पाहुणे भुकेले होऊन त्याच्या भोवती घुटमळत होते.

"तुमचा आवाज काय, फोन नसता तरी मला ऐकू आला असता," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, अगं कुठे अडकलीस? ती म्हणाली, अहो, एक जण फार हळू आहे. दम लागतोय तिला. तिला घेऊन येत्येय."

"हो, होती ना कुणीतरी. त्या बाईमुळेच तर तासभर जेवण..."

तो बोलायचा थांबला, कारण बाई त्याच्याकडे एकटक बघत होत्या. वर्गात फळ्यासमोर उभ्या केलेल्या, उत्तर अगदी जवळ येऊनही न दिसणाऱ्या पोराकडे त्या असंच बघत असतील.

"त्या दिवशी या कोपऱ्यावरून तेरा जण वर गेले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चौदावी मी. मोजल्याशिवाय मला राहवत नाही, तुम्हाला माहीत आहे. माझ्या मागे कुणी पाहुणा नव्हता. मागे फक्त ती होती."

वाऱ्याने वाळकी पानं लोखंडी फळीवरून सरकत गेली. म्होरक्याला समजायला वेळ लागला नाही, मानायला लागला.

"मी काय म्हणालो त्यावर?" त्याने विचारलं. मग लगेच म्हणाला, "नको, सांगू नका."

सांगायची गरजच नव्हती. तो म्हणाला होता, "झेपत नाही तर येतात कशाला ही माणसं? म्हणावं, पुढच्या वेळी घरी बस." मुद्दाम मोठ्याने म्हणाला होता, भोवतीच्या पाहुण्यांना ऐकू जावं म्हणून. ते हसले होते. आणि तिकडून तीही हसली होती. "सांगते हं तिला," म्हणाली होती. त्याने फोन ठेवला होता आणि पाहुण्यांना तळघरात नेलं होतं. ती वर पोचली तेव्हा तो तळघरातच होता, नव्या पिंपातली वाइन चाखत. ती हळू बाई आली का, कशी आहे, आहे तरी कोण, हे त्याने विचारलं नाही. त्याला खरंच सुचलं नाही. आणि शेवटच्या दिवशीच्या जेवणात उभं राहून त्याने भाषण केलं, त्यात तो किस्सा रंगवून सांगितला, आपल्यात एक कासव होतं, नाव घेत नाही, म्हणून. सगळं टेबल हसलं. ती त्याच्या शेजारीच बसली होती. तीही हसली. मग घरी येऊन त्याने ती ओळ सांगितली, आणि तिने टाइप केली.

"फोन ठेवून ती माझ्याकडे बघून काय म्हणाली, ते तेवढं ऐका," बाई म्हणाल्या.  "म्हणाली, सांगितलं हं मी त्यांना. तुम्ही साक्षीला आहात. आणि हसली. म्हणाली, आता संध्याकाळी विचारतील, कोण होती गं ती? मग सगळं सांगेन." बाईंनी डोळे पुसले. "मला म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, नाहीतर दोघींना शोधत बसतील. आणि मी झाले पुढे. कोपरा सोडायचा नाही हे एवढं पाठ केलेलं, आणि तेव्हाच नेमकं तिचं ऐकलं. मी तुम्हाला सांगायला हवं होतं. मला वाटलं, ती सांगेल. नवराबायकोच्या मध्ये आपण कोण?"

म्होरक्याने त्यांना दोष दिला नाही. द्यायला त्याच्याकडे शिल्लकच नव्हता, सगळा स्वतःलाच पुरला नसता. इतके महिने तो ज्या रागाला धरून उभा होता, तो राग गेला, आणि त्याच्या जागी काही आलंच नाही. ती बोलली होती. एका शब्दाने नव्हे, चांगली तीन-चार वाक्यं बोलली होती. त्याच्याच कानात, त्याच्याच फोनवर. आणि मग संध्याकाळभर थांबली होती, रात्रभर थांबली होती, भाषणाला थांबली होती, पत्रक टाइप करताना बोटं उचलून पुन्हा एकदा थांबली होती. तो विचारेल म्हणून. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणे. इथे ठेच मागच्याला लागली होती, आणि पुढचा आपला शहाणपण मिरवत चढ चढत होता.

"चला," बाई म्हणाल्या. "वर सगळे काळजीत असतील."

"हो," तो म्हणाला. पण त्याचे पाय निघेनात. छातीत काहीतरी घट्ट आवळल्यासारखं झालं होतं, आणि कितीही ओढला तरी श्वास पुरत नव्हता.

खिशातला फोन वाजला. मेहुणा होता.

"भावोजी, कुठे अडकलात? सापडल्या का बाई? इथे सगळे ताटकळलेत."

बाई सापडल्या, निघतोय, एवढंच म्होरक्याला म्हणायचं होतं. पण तोंडातून आलं ते वेगळंच आलं.

"एक जण फार हळू आहे," तो म्हणाला. "दम लागतोय. घेऊन येतोय."

"कोण?" मेहुण्याने विचारलं.

त्याने एक क्षणसुद्धा लावला नाही. कुणीही विचारलं असतं तसं विचारलं, सहज, वाक्य संपतं न संपतं तोच. एवढाच शब्द होता तो.

म्होरक्या फोन कानाला तसाच धरून लोखंडी फळीवर खाली बसला, ती बसली होती तिथेच, आणि हुंदके देऊन रडायला लागला. एवढ्या महिन्यांत तो पहिल्यांदा रडत होता. तिकडून मेहुणा विचारतच राहिला, "भावोजी? कोण आहे मागे? कोणाला दम लागतोय, भावोजी?"

बाईंनी हेल्मेट पुन्हा डोक्यावर घातलं, पट्टा बांधला आणि सायकल धरून कोपऱ्यावर उभ्या राहिल्या. या वेळी त्या पुढे गेल्या नाहीत.